भार्गव केळुसकर, माझ्या मते

लोक म्हणतात, न्यायाधीश.
तो हातोडा, ते लांबलचक भाषण,
ज्यावर थेटरात नाणी उडाली.
मी म्हणतो, नाही.
भाषण कुणीही करतं.
आमचा फोरमनही करतो, रोज पहाटे पाचला.

केळुसकर बघायचा तर कंपाउंडर बघा.
अख्ख्या सिनेमात सात वाक्यं, मी मोजलीत,
त्यातली चार म्हणजे ‘बसा, डॉक्टर येतायत’.
पण डॉक्टर गेल्यावर तो बाटल्या धुतो ना,
कॅमेऱ्याकडे पाठ करून,
एक बाटली दोनदा धुतो.
त्या वर्षी बक्षीस दुसऱ्याला मिळालं.
पाठीला कोण देतंय बक्षीस.

मी सोहार बंदरात, चाळीस मीटर उंचीवर,
क्रेनच्या काचेच्या खोलीत बारा तास असतो.
मला माणसं वरूनच दिसतात.
कोणाला ताप आहे, कोणाला घरून फोन आला,
खांद्यांवरून सांगतो.
तेव्हा पाठीच्या बाबतीत
माझ्या शब्दाला थोडं वजन द्या.

शाजीचा हिरो एकटा चाळीस जणांना लोळवतो.
मी म्हटलं, आमचा फक्त एक थप्पड खातो,
पण नंतर चष्मा कसा उचलतो ते बघ.
शाजीनं बघितलं. म्हणाला, चष्मा चांगला उचलला.
एवढ्यावर आमची अकरा वर्षांची दोस्ती.

आंधळा भक्त नाही मी.
इन्स्पेक्टर म्हणून तो साफ पडला,
पोट वर्दीचं ऐकेना.
जुळ्या भावांबद्दल तर बोलायलाच नको.
मुलीचं लग्न असेल, पैसे लागले असतील.

पण एका भूमिकेपायी
मी त्याच्याशी सहा वर्षं अबोला धरला.
गल्फहून आलेला मामा.
रात्री काळा चष्मा, गळ्यात दोरखंडाएवढी साखळी,
दर वाक्याला ‘आमच्याकडे तिकडे’.
सुट्टीवर होतो, चिपळूणला बघितला.
थेटर हसलं. शेजारी बायको, तीही हसली,
मग माझ्याकडे बघून थांबली.
ते थांबणं जास्त लागलं.

पत्र लिहायला घेतलं होतं.
केळुसकरसाहेब, आमच्या खोलीत चार खाटा,
फ्रिजच्या कप्प्यांना चिकटपट्टीनं आखलेल्या हद्दी,
आणि साखळी म्हणाल तर मुनाफ मुकादमनं घातली होती एकदा,
विमानतळापासून घराच्या पायरीपर्यंत,
तीही उसनी...
इथं थांबलो. म्हणजे घातली होतीच की.
पत्र गादीखाली राहिलं.

गेल्या डिसेंबरात रात्रपाळी संपवून आलो,
तर मेसच्या टीव्हीवर तोच मामा.
बाकीचे झोपलेले, म्हणून आवाज बंद.
आवाजाविना साखळी खणखणत नाही.
पोरांनी खोक्यावर झडप घातली,
कुणी साबण, कुणी घड्याळ, कुणी बदामाचा डबा,
आणि पडद्याच्या अगदी कडेला
मामा खोक्याची दोरी सोडवतोय.
सुरी पुढे केलेली असून घेत नाही.
नखांनी, मग दातांनी गाठ सोडवतो,
पंजा आणि कोपर यांच्यात दोरी गुंडाळतो,
खिशात घालतो.
गोष्टीला त्याची काही गरज नव्हती.
दिग्दर्शक दुसरीकडेच बघत असणार.

परत येताना तीच दोरी लागते.
माझ्या खाटेखाली आहे एक, निळी,
आठ वेळा जाऊन आलेली.
त्याला कुणी सांगितलं हे?

पुढच्या गुरुवारी माझं विमान.
शाजी खोकं बांधतोय,
मार्करनं माझं नाव चारी बाजूंना, स्पेलिंग चुकवून.
विचारतो, मग आता बेस्ट रोल कुठला, मामा?
मी म्हटलं, कंपाउंडरच.
मत असं एका दोरीवर बदलायचं नसतं.
फक्त गाठ मारताना म्हटलं,
फार आवळू नकोस रे.
हातानं सुटली पाहिजे.